देवघरातल्या बाटलीचा भाव

माझ्या लग्नासाठी वडिलांनी जी माहितीपत्रिका छापून घेतली होती, तिच्यात 'नोकरी' या शब्दापुढे 'परदेशी दुर्मिळ वस्तूंचे मूल्यांकन' असं लिहिलेलं होतं. वडील धारवाडच्या कोर्टात वकिली करतात. खोटं न बोलता खरं झाकून ठेवणं हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे त्या चार शब्दांना कुणी हरकत घेऊ शकलं नाही. बघायला येणारी मंडळी 'म्हणजे नाणी वगैरे का?' असं विचारायची, आई 'तसंच काहीतरी' म्हणून पोह्यांची बशी पुढे करायची, आणि मी खाली बघत बसायचे. खाली बघायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या दुर्मिळ वस्तू म्हणजे व्हिस्कीच्या बाटल्या. स्कॉटलंडच्या जुन्या, हौशी लोकांनी जमवलेल्या, कधीही न उघडायच्या बाटल्या. त्या लिलावात काय भावाने गेल्या, मागच्या वेळी काय भावाने गेल्या होत्या आणि पुढे काय भाव येईल, याचा हिशोब मी हुबळीत बसून ठेवत असे. आता ते काम संपलं. ज्याला भाव हवा तो स्वतःच इंटरनेटवर बघतो. पण बरीच वर्षं माझा पगार या बाटल्यांनी दिला, आणि मी त्यांतली एकही हुंगूनसुद्धा बघितली नाही. पोहायला न येणाऱ्याने समुद्राचे नकाशे काढावेत, तशातला प्रकार.

बी. ए. झाल्यावर मी घरी बसून होते. शाळा कॉन्व्हेंटची, घर मराठी, रस्ता कन्नड. त्यामुळे तिन्ही भाषांत मला उत्तम गप्प बसता येतं. मुलाखतीत असल्या गुणाला कुणी मार्क देत नाही. हुबळीत एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तिचे मालक यंत्रं मोडीत काढून संगणक घेऊन बसले होते आणि परदेशातली टायपिंगची कामं मिळवत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला अक्का म्हणत. त्यांनी एक इंग्रजी पान माझ्यासमोर ठेवलं आणि मी ते मनातल्या मनात वाचेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "वाचायला येतंय न्हवं? बोलणारी माणसं माझ्याकडे लई आहेत. कुंदर्री." मी बसले, ती बसलेच.

स्कॉटलंडमधले एक गृहस्थ जुन्या व्हिस्कीच्या भावांचं पुस्तक काढत आणि स्वतः लिलावही भरवत. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. ते लिलावांचे कॅटलॉग पोस्टाने आणि निकाल फॅक्सने पाठवत. आम्ही त्यांचे तक्ते करून द्यायचो. सुरुवातीला मी फक्त टाइप करत असे. पुढे माझ्या लक्षात यायला लागलं की या कॅटलॉगमधली ही बाटली म्हणजे गेल्या वर्षीच्या त्या कॅटलॉगमधलीच, फक्त तेव्हा तिचा डबा सोबत होता. साहेबांना मी तसं कळवलं. त्यांनी आपल्या कॅटलॉगमधली वर्णनं मला लिहायला दिली आणि वर पगारवाढ दिली. अण्णांनी ती अर्धी माझ्यापर्यंत पोचवली.

हे काम काय असतं ते थोडं सांगते. जुनी दारू म्हणजे महाग दारू असं लोकांना वाटतं. व्हिस्की लाकडी पिंपात असते तोवरच तिचं वय वाढतं. बाटलीत भरली की ती तिथेच थांबते. बारा वर्षांची बाटली तुम्ही आणखी तीस वर्षं कपाटात ठेवलीत तरी ती बारा वर्षांचीच राहते. स्थळं बघायच्या त्या काळात मला या बाटल्यांचा फार हेवा वाटे. भाव वाढतो तो ती दुर्मिळ होत जाते म्हणून. एखादी डिस्टिलरी बंद पडली की तिच्या उरलेल्या बाटल्या मोजक्याच. त्यांतली एक कुणी उघडून प्यायलं की बाकीच्यांचं भलं होतं. जगात कुठेतरी कुणाच्या तरी मुलाचं लग्न झालं की माझ्या तक्त्यातला आकडा वर सरकायचा.

मग बाटलीची तब्येत. आतली पातळी मानेपर्यंत असेल तर उत्तम, खांद्यावर आली तर बरी, खांद्याखाली गेली तर बूच सैल झालंय असं समजायचं. पुढे पुढे बसमध्ये समोर बसलेल्या माणसाकडे बघतानाही माझी नजर आधी त्याच्या खांद्यावर जाऊ लागली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं लेबल. कोपरा फाटला, डाग पडला, की भाव निम्म्यावर. आत काय आहे ते कुणी बघत नाही, कारण बघायचं तर उघडावं लागतं, आणि उघडलं की सगळं संपलं. हे सगळं मी धारवाड-हुबळी बसमध्ये शिकले. कॅटलॉगला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं असे आणि त्यावर मी 'इंग्लिश ग्रामर' असं लिहिलं होतं. शेजारच्या एक बाई रोज म्हणायच्या, अजून किती शिकतेस गं.

हुबळी लहान गाव नाही, पण बातमी लहान गावासारखी पसरते. अण्णांच्या ऑफिसात एक मुलगी दारूचा भाव सांगते, असं बाहेर झालं. आम्हाला विकायचा परवाना नव्हता आणि आपल्याकडे साध्या माणसाला स्वतःची बाटली विकताही येत नाही, तरी लोक नुसता भाव ऐकायला येत. कलघटगीचे एक भातगिरणीवाले पिशवीत टॉवेल, टॉवेलात पेपर आणि पेपरात बाटली घेऊन आले. कुठल्याशा जुन्या फॉरेस्ट साहेबाने त्यांच्या वडिलांना दिलेली. बाटली खरी होती, लेबल खरं होतं. मी उजेडात धरली तर तळाशी चहापत्तीची एक काडी शांतपणे पडलेली. मला ते तोंडाने सांगवेना, म्हणून मी बोटाने दाखवलं. गिरणीवाले म्हणाले, ओकच्या पिंपाचं लाकूड असंल, मॅडम. अण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "झाड खरं आहे हो. पण आसामातलं." गिरणीवाल्यांनी बाटली पुन्हा पेपरात, टॉवेलात आणि पिशवीत घातली. दारातून वळून म्हणाले, "तीन पोरं आहेत घरात. कुठल्याचं काम आहे बघतो."

आणखी एक प्रसंग माझ्या लग्नाच्याच बाजारातला. बेळगावच्या एका मुलाच्या मामांनी त्या चार शब्दांचा पाठपुरावा केला आणि खरं काय ते शोधून काढलं. मुलाकडून नकार आला. मामांचे फोन मात्र दोन महिने येत राहिले. त्यांच्याकडे दोन बाटल्या होत्या.

आता ज्या बाटलीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे वळते.

इनामदारकाका वडिलांचे जुने मित्र. जहाजावर इंजिनिअर होते. धारवाडच्या सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या बोटीचा स्कॉटिश कप्तान निवृत्त झाला तेव्हा त्याने काकांना एक बाटली भेट दिली होती. काका पीत नाहीत आणि काकूंना घरात तो शब्दही चालत नाही, त्यामुळे ती बाटली वर्षानुवर्षं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या आणि जुन्या गणवेशाच्या सोबतीने पडून होती. साफसफाईला ट्रंक उघडली की काकू त्या बाटलीचा उद्धार करायच्या आणि काका तिला पुन्हा गणवेशात गुंडाळायचे.

दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. मालतीकाकूंचे गुडघे पार गेले होते. बसलं की उठवत नसे, आणि उठलं की पहिलं पाऊल टाकायला भिंत लागे. ज्या काकू वर्षानुवर्षं संगीतसभांना सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजीवर पुढची जागा धरायच्या, त्या आता खिडकीशी खुर्ची घेऊन बसत. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधे बदलावे लागतील, आधी एक करू. काकांना पेन्शन नव्हतं. साठवलेलं मुलीच्या लग्नात आणि घराच्या गिलाव्यात गेलं होतं. मग त्यांना बाटली आठवली. ती विकणं कायद्यात बसतं का हे विचारायला ते वडिलांकडे आले. आपल्या मुलीचा उद्योग लपवायचा की मित्राला मदत करायची, या पेचात वडील एक कप चहाभर राहिले आणि मग त्यांनी मला हाक मारली.

मी बाटली बघितली आणि ती दोन्ही हातांनी धरून अलगद टेबलावर ठेवली. ती डिस्टिलरी केव्हाच बंद पडलेली होती. पातळी मानेत, बूच घट्ट, आणि लेबल असं की कालच चिकटवलंय. आयुष्यभर अंधारात आणि डांबराच्या गोळ्यांत राहिल्यामुळे एका किड्यानेही त्याला तोंड लावलं नव्हतं. ऑफिसात नेऊन मी तिचा फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं. तो आकडा मी रुपयांत मांडला, तर एका गुडघ्याचं ऑपरेशन आणि वर हॉस्पिटलच्या खोलीचं भाडं, असा बरोबर निघाला. अण्णा म्हणाले, "एक बाटली, एक गुडघा. दुसरीपण कुठं आहे काय विचारा की."

काकांचा पुतण्या लंडनहून सुट्टीला आला होता. दसरा करून तो परत जाणार होता. एक बाटली सोबत नेऊन साहेबांच्या हवाली करणं त्याला नियमाने शक्य होतं. तोवर फक्त ती जपायची होती. काकांनी मला जपायचे नियम विचारले आणि मी साहेबांच्या पुस्तकातले सगळे सांगितले. उभी ठेवा, आडवी नको, नाहीतर दारू बूच खाते. ऊन नको, उजेड नको. थंड जागा हवी, आणि हवा सारखी राहायला हवी. धुवू नका, फडकं मारू नका, धूळ असली तर असू द्या. मी एवढं सलग बोलले, याचं वडिलांना कौतुक वाटलं.

काका इंजिनिअर. त्यांनी प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवून बघितलं. घरातली सगळ्यांत थंड, काळोखी आणि सगळा दिवस सारख्या हवेची खोली निघाली देवघर.

यावर काकूंचं आणि त्यांचं जे झालं ते मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं. काकूंचं म्हणणं, देवासमोर दारू ठेवायला आपण कोण लागून गेलो. काकांचं म्हणणं, बंद आहे तोवर ती दारू नाहीच, बँकेतल्या ठेवीसारखी ठेव आहे. शेवटी काकूंनी त्यांची जुनी सोवळ्याची साडी काढून दिली, तिच्यात बाटली गुंडाळली आणि ती देवांच्या खालच्या फडताळात गेली. पहिले काही दिवस काकू आंघोळ झाल्याशिवाय त्या फडताळाकडे बघत नसत. मग हळूहळू देवांना फूल वाहताना एक फूल खालीही जाऊ लागलं. हे काकांनी मला हसत सांगितलं आणि मीही हसले. तेव्हा काही सुचलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. रिक्षांना केळीचे खांब, बसच्या काचेला झेंडू, शिंप्याच्या मशीनला हळदकुंकू. आमच्या ऑफिसातल्या संगणकांनाही अण्णा कपाळ समजून पडद्यावर भस्माचे पट्टे ओढत, आणि ते पट्टे दिवाळीपर्यंत आम्ही पुसत असू. हे सगळं मला माहीत होतं. साहेबांच्या पुस्तकाला माहीत नव्हतं. मी नियम सांगितले ते पुस्तकातले.

त्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी काकांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "येऊन जा."

देवघरात पाट मांडलेला होता. त्यावर काकांचे जहाजावरचे पाने, काकूंची विळी, शिलाई मशीनचं हँडल आणि मधोमध बाटली. लेबलावर, बरोबर डिस्टिलरीच्या नावावर, काकूंनी ओल्या हळदीचं ठसठशीत बोट ओढलं होतं, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. वर मानेभोवती झेंडूची माळ. मी साहेबांना शेकडो बाटल्यांची वर्णनं लिहून पाठवली असतील, पण इतकी नटलेली बाटली मी बघितली नव्हती.

काकू भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या होत्या आणि खुशीत होत्या. म्हणाल्या, "हत्यारांची पूजा करायची तर आमच्या घरात आता कामाचं हत्यार कुठलं, सांग. ह्यांचे पाने गंजले. माझी विळी बोथट झाली. मला उभं करणारी तीच की नाही? म्हणून पहिला मान तिला." मग त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी पदर घेतला आणि लेबल पुसलं. 'पुसू नका' हे वाक्य माझ्या घशातून निघेपर्यंत बोटाएवढा डाग तळहाताएवढा झाला होता. माझी वाक्यं नेहमीच पुढच्या बसने येतात.

साहेबांच्या तक्त्यात डागांचे प्रकार होते. ओल, बुरशी, किड्याची भोकं, सांडलेली वाइन. हळद नव्हती. पण तक्त्यात नसली तरी भावात काय होणार ते मला कळत होतं. निम्मं. आणि निम्म्यात गुडघा होत नाही.

चारपाच दिवसांनी काका ऑफिसात आले. पुतण्याने जाणं थोडं लांबवलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि माझ्यासमोर एक लेबल ठेवलं. कोरं, स्वच्छ, सोनेरी कडेचं. मी काढलेल्या फोटोची एक प्रत त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली होती. ती घेऊन ते जुन्या हुबळीतल्या एका छापखान्यात गेले होते, जिथे पापडाची, उदबत्तीची आणि लोणच्याची लेबलं छापतात. छापणाऱ्याने काम फारच मन लावून केलं होतं. मूळ लेबलच याची हलकी नक्कल वाटावं, असं.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं. जहाजावरचा एखादा सुटा भाग स्वतः करून बसवल्यावर विचारावं, तसं.

"छान झालंय," मी म्हणाले. ते खरंच झालं होतं. मग सवयीने माझा हात टेबलावरच्या दिव्याकडे गेला. नोटा तपासायचा जांभळा दिवा. जुना कागद त्याखाली मातीसारखा निस्तेज दिसतो. हल्लीचा कागद नीळ घातलेल्या शर्टासारखा चमकतो. साहेबांनी खोटी लेबलं पकडायला तो आम्हाला घ्यायला लावला होता. काकांचं लेबल लखलखलं.

काकांनी लेबल दिव्याखालून बाजूला ओढलं. मग म्हणाले, "तिकडे हा दिवा लावून कोण बघतं?"

"आधी मीच बघते, काका. मग माझ्या शब्दावर ते बघत नाहीत."

"मग तू लिहू नकोस. एवढंच. खोटं लिही म्हणत नाही मी. मालती आता मोरीपर्यंतसुद्धा माझा हात धरून जाते. तू फक्त गप्प बस."

लहानपणापासून नातेवाईक, मास्तर, बघायला येणारी माणसं, सगळ्यांनी मला 'अगं बोल की काहीतरी' असंच सांगितलं होतं. गप्प बसायची विनंती मला पहिल्यांदाच होत होती, आणि ते एकच काम मला खात्रीने जमण्यासारखं होतं. अण्णा प्रिंटरची रिबन बदलत होते. ती त्यांनी सकाळीच बदलली होती.

"मी लिहीन, काका," मी म्हणाले.

त्यांनी लेबल पुन्हा रुमालात घडी करून ठेवलं, खिसा चाचपला आणि ते गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी चहा मागवला. चहा आल्यावर म्हणाले, "एन् माडूदु, अक्का, काय करणार. बोलायला शिकलात ते पण कुठं शिकलात बघा."

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, खोटं बोल म्हणणं आणि गप्प बस म्हणणं यांत कायद्याने फरक आहे. मी विचारलं, मग मी चुकले का. ते म्हणाले, "तू काय केलंस त्याला कलम नाही. जेवून घे."

रविवारी काकूंचा निरोप आला. मी गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर कागदांचा एक गठ्ठा होता. छापखानेवाला शंभरच्या खाली छापत नाही. काकांनी एक लेबल मला दाखवायला आणलं होतं, बाकीची नव्याण्णव त्यांनी पंचांगाच्या मागे लपवली होती, आणि घरात पंचांग रोज बघणारं माणूस एकच होतं.

"एका बाटलीला शंभर लेबलं," काकू म्हणाल्या. "दुकान काढणार होतात काय सुभाष रोडला?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"आणि हिला काय म्हणालात? गप्प बस? ही पोर आधीच कुणाशी बोलत नाही, हिला वर गप्प बसायला सांगता?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "कुंकू मी लावलंय. चांगल्या मनाने, दिवसाउजेडी लावलंय. ते झाकायला खोटा कागद चिकटवायचा, आणि त्या पैशाच्या पायावर मी चालायचं? जसं आहे तसं लिही तू. येतील तेवढे येऊ देत. अर्धा गुडघा करतात काय, ते डॉक्टरला विचारू."

काकू एवढं बोलल्या खऱ्या, पण खुर्चीच्या हाताला त्यांनी किती घट्ट धरलं होतं ते मला दिसत होतं. मग काकांनी खिडकीकडे बघतच विचारलं, "इंग्रजीत कसं लिहितेस हे?"

ते मलाही माहीत नव्हतं. दोन दिवस मी त्या वर्णनावर घालवले. 'लेबलावर हळद आणि कुंकवाचे डाग. घरगुती पूजेत लावलेले. पुसण्याच्या प्रयत्नात पसरलेले. बाकी सर्व उत्तम.' साहेबांनी उलट विचारलं की पूजा बाटलीसमोर झाली की बाटलीचीच, माझ्या टायपिंगमध्ये काही गफलत तर नाही ना. मग मी त्यांना खंडेनवमी समजावणारं एक पान लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी स्वतःहून लिहिलेलं तेवढं एकच पान. पुतण्याने बाटली पोचवल्यावर त्यातल्या चार ओळी त्यांनी कॅटलॉगमध्ये तिच्या फोटोखाली छापल्या.

गोष्टीत अशा वेळी कुणी तरी रसिक उभा राहतो आणि त्या डागासाठीच दुप्पट बोली लावतो. तसं काही झालं नाही. डागाळलेल्या लेबलाचा जो भाव असतो तोच आला, निम्म्याच्या थोडा वर. मी काढलेला अंदाज जवळपास बरोबर निघाला आणि साहेबांनी माझं अभिनंदन केलं. इतकं नकोसं अभिनंदन मला पुन्हा मिळालेलं नाही.

उरलेले पैसे काकांनी कुठून उभे केले ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. त्यांची स्कूटर मात्र नंतर गल्लीत दिसली नाही. आधी कुठला गुडघा करू या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, ज्याने माझ्या जास्त शिव्या खाल्ल्यात तो. डावा झाला. नव्याण्णव लेबलांच्या कोऱ्या पाठीवर काकू बरेच दिवस वाण्याची यादी लिहीत होत्या. सोनेरी कडेच्या त्या कागदावर 'साबुदाणा अर्धा किलो' वाचताना वाण्याला काय वाटत असेल कोण जाणे.

या कामाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. एवढं मात्र वाटतं की भाव सांगणं हे दिसतं तितकं निरुपद्रवी काम नाही. ट्रंकेत पडलेली वस्तू तुम्ही भाव सांगितलात की देवघरात जाते, आणि मग तिचं काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. मी कितीतरी जणांना भाव सांगितले. त्यांच्या घरात पुढे काय झालं ते मला कळलंही नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता साहेबांमार्फत मला एक पत्र आलं. बाटली विकत घेणाऱ्याचं. उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरचे एक निवृत्त शाळामास्तर. त्या डिस्टिलरीची एक तरी बाटली आपल्याकडे असावी अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती, पण भाव परवडत नव्हता. डाग होता म्हणून परवडली. आता लेबलावरचं कुंकू सुटून पडायला लागलं होतं. त्यांनी विचारलं होतं, ते तसंच सोडायचं की दर वर्षी नव्याने लावायचं असतं? लावायचं असेल तर कुठल्या दिवशी, आणि कसं? आपल्या हातून त्या घराच्या रीतीला काही कमीपणा येऊ नये, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी पत्र घेऊन काकूंकडे गेले. त्या परसात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. दोन्ही हात वर, पाठीशी भिंत नाही, खुर्ची नाही. काका दारात उभं राहून, मदत नको म्हणून सांगितल्यामुळे, नुसते बघत होते. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. काकूंनी तोंडातला चिमटा काढून साडीला लावला आणि थोडा विचार केला.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हणावं. सकाळी, आंघोळ करून. कुंकू मी देते पुडीत, तिकडचं चालायचं नाही." त्या बादलीतला पुढचा कपडा उचलायला वाकल्या. "आणि हे ठळक लिही. काचेवर लाव म्हणावं. कागदावर नको."